साहेबाच्या कुत्रीची पिल्लं

पंचफुलाबाईला किळस फार. हिंगणघाटच्या त्या आळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. भाजीत केस निघाला तर ती दोन दिवस भाजीकडे बघत नसे, आणि कोणी समोर नाक शिंकरलं की पदर तोंडाशी धरून आत निघून जाई. समुद्रपूरकडच्या एका खेड्यात, भाजीपाल्याच्या वाडीत ती वाढली होती, तरी वांग्यातून अळी निघाली की विळा टाकून ओकायला पळायची. आई वैतागून म्हणायची, "कास्तकाराची पोरगी अन् अळीले भेते. हिले कोण करून घेईन?"

करून घेतलं पुंडलिकरावांनी. कापसाच्या जिनिंगच्या एका कारखान्यात ते कारकून होते. बघायला आले तेव्हा पंचफुलेनं दाराआडून आधी त्यांची नखं पाहिली. स्वच्छ, कापलेली. धोतर पांढरंशुभ्र, बोटांवर फक्त शाईचा एक डाग. मातीत हात घालणाऱ्या माणसांत वाढलेल्या त्या मुलीला वाटलं, या माणसाच्या घरी आपण सुखात राहू.

पुंडलिकराव स्वच्छ होते हे खरं. पण ते स्वच्छ कसे राहतात हे पंचफुलाबाईला लग्नानंतर कळलं. मुलांना जुलाब लागले की ते नाकाला रुमाल लावून वळकटी घेऊन ओट्यावर जायचे. सासऱ्यांना शेवटच्या आजारात अंथरुणातच सगळं होऊ लागलं, तेव्हा ते दारातूनच "कसं वाटते बाबा?" विचारून कामावर जायचे. घाण काढायची ती पंचफुलाबाई. काढायची, न्हाणीत जाऊन ओकायची, आंघोळ करायची, पुन्हा यायची. किळस येते म्हणून काम टाकायचं असतं, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

चोपन्न सालच्या उन्हाळ्यात कारखान्याचा हंगाम संपला आणि मॅनेजरसाहेब बायकोला घेऊन आधी पचमढीला आणि तिथून जबलपूरला लेकीच्या बाळंतपणाला निघाले. त्यांच्याकडे एक विलायती कुत्री होती. तांबूस-पांढरी, लांब मऊ केसांची, कानांची पानं गालांवर लोंबणारी. नाव रूबी. तिला कुठे ठेवायचं असा विषय बंगल्यावर निघाला, तेव्हा कोणी विचारायच्या आधीच पुंडलिकराव पुढे झाले. हेडक्लार्क अण्णाजी वर्षभरात निवृत्त होणार होते, आणि त्या खुर्चीवर पुंडलिकरावांचा डोळा होता.

"दसऱ्यापर्यंतची तर गोष्ट हाय," घरी येऊन ते म्हणाले. "तुले काई करा लागणार नाई. मी पाहीन सगळं."

आणि पाहिलंही त्यांनी. तेच पंचफुलाबाईला बघवेना. हा माणूस आपल्या हातानं कुत्रीला दूधभात भरवी. तिच्या तोंडाची लाळ स्वतःच्या उपरण्यानं पुशी. तिच्या डोळ्यांतली घाण बोटानं काढून "अरे मेरी रानी" म्हणे. पोटच्या पोराचं नाक ज्यानं कधी पुसलं नाही, तो कुत्रीचे डोळे पुसत होता. पंचफुलाबाईनं त्या उपरण्याला सोडा लावून उकळत्या पाण्यात टाकलं, आणि पहिल्यांदाच तिला नवऱ्याच्या कपड्याची शिसारी आली.

संध्याकाळी पुंडलिकराव रूबीला साखळी लावून मुख्य रस्त्यानं फिरवत. लोक विचारत, "कोणाची हो?" ते म्हणत, "आपल्या साहेबांची. आपल्यावरच भरवसा ना त्यायचा."

वैशाखात कुत्री माजावर आली. पंचफुलाबाईच्या ते पहिल्यांदा ध्यानात आलं, कारण फरशीवरचे डाग तिलाच पुसावे लागले. तिनं स्पष्ट सांगितलं, "हिले आता बाहेर नेऊ नका. मागच्या खोलीत कोंडून ठेवा."

"हाव, हाव," पुंडलिकराव म्हणाले.

पण नायब तहसीलदारांनी 'ती विलायती कुत्री एकदा दाखवा' असं म्हटलं होतं, आणि बाजाराच्या दिवशी ते कापडाच्या दुकानात बसायचे. पुंडलिकराव रूबीला घेऊन भर बाजारातून निघाले.

शेजारची कुंताबाई धापा टाकत आली. ती बकऱ्या पाळायची आणि बाजारात दूध घालायची. "पंचफुलाबाई, चाल व लवकर. साहेबाची कुत्री चिकटली."

पंचफुलाबाई गेली. धान्याच्या ओळीच्या टोकाला माणसांचं कोंडाळं झालं होतं. मधे रूबी, आणि तिला चिकटलेला उकिरड्यावरचा काळा कुत्रा. त्याच्या मानेवर जखम, जखमेवर माश्या. लोक हसत होते, कोणी खडे मारत होतं, कोणी पाणी फेकत होतं. रूबी कण्हत होती. साखळी धुळीत पडली होती. पुंडलिकराव पलीकडे तंबाखूच्या दुकानात पाठ करून उभे होते, जणू ती कुत्री त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

पंचफुलाबाईनं पदर तोंडाशी धरला. पण ती कोंडाळ्यात शिरली, साखळी उचलली आणि खडे मारणाऱ्यांना म्हणाली, "झालं असन तुमचं पाहून तर जा आपापल्या कामाले." दोन्ही कुत्री सुटेपर्यंत ती तिथंच उभी राहिली, मान खाली घालून. लोकांचं हसणं तिच्या अंगावरून ओघळत होतं. मग ती रूबीला घेऊन चालत घरी आली. पुंडलिकराव दिवेलागणीला आले.

आषाढाच्या संततधारेत रूबी न्हाणीच्या कोपऱ्यात व्याली. दुपारची वेळ होती. पहिलं पिल्लू पातळ पडद्यात गुंडाळलेलं बाहेर आलं आणि रूबी त्याच्याकडे न बघता भिंतीकडे तोंड करून बसली. पडद्यात ते जरा हललं आणि थांबलं. पंचफुलाबाई दारात थिजून पाहत होती. दुसरं आलं तेव्हा कुंताबाई मधल्या भिंतीवरून डोकावत म्हणाली, "फाड व बाई तो पडदा. तिले समजून नाई राह्यलं. मरून जाईन थे."

पंचफुलाबाईनं नखानं पडदा फाडला. कोमट, बुळबुळीत पाणी मनगटापर्यंत ओघळलं. हिरवट काळी वार बोटांना चिकटली. त्या वासानं ती मोरीवर ओकली, चूळ भरली आणि तिसऱ्यासाठी परत फिरली. पाचांतली चार जगली. दोन काळी, एक तांबूस, एक बाजारच्या कुत्र्यासारखंच मळकट. केस आखूड, शेपट्या उंदरासारख्या.

पुंडलिकरावांनी संध्याकाळी नाकाला रुमाल लावून न्हाणीत डोकावलं. मग एक पोतं आणून ठेवलं.

"यायले याच्यात घाल. मी वेणा नदीत सोडून येतो. साहेबाले काई समजणार नाई."

"तुमी घाला," पंचफुलाबाई म्हणाली. "तुमच्या हातानं घाला."

ते दोन पावलं पुढे आले. ओल्या, वळवळणाऱ्या गोळ्याकडे त्यांनी पाहिलं आणि हात मागे घेतला. "मले किळस येते व."

पंचफुलाबाईनं ते पोतं उचललं, घडी घातली आणि पिल्लांच्या खाली अंथरलं.

पुढचे दोन महिने तिनं जे केलं ते सांगायलाही घाण वाटेल. रूबीला ताप भरला आणि दूध आटलं. कुंताबाई बकरीचं दूध द्यायची. पंचफुलाबाई कापसाची वात करून दुधात बुडवायची आणि एकेकाच्या तोंडात धरायची. आई चाटत नाही म्हणून ओल्या चिंधीनं पिल्लांचं ढुंगण चोळावं लागे. तेव्हा ती हागत-मुतत, तिच्याच हातावर. मग पिसवा झाल्या. कडुलिंबाचा पाला उकळून तिनं त्यांना न्हाऊ घातलं, तर पिसवा पाण्यावर तीळ सांडल्यासारख्या तरंगल्या. मग पोटं ढोलासारखी फुगली आणि विष्ठेत पांढरे जंत वळवळताना दिसले. तिनं दुधातून वावडिंग दिलं. जंत पडले. ते राखेनं उचलून तिनं उकिरड्यात पुरले आणि त्या दिवशी ती जेवली नाही. पावसाळ्यात काही वाळत नव्हतं. सगळ्या घराला ओल्या कुत्र्याचा वास. सोड्यानं तिचे हात भेगाळले. पिल्लांना तिनं नावंही ठेवली नाहीत, आणि कोणी 'किती गोड' म्हटलं तर ती म्हणे, "न्हाणीत जाऊन वास घ्या, मंग सांगा."

कुंताबाईनं एकदा विचारलं, "एवढी किळस येते तर काऊन करतं व बाई?"

"पडदा म्या फाडला ना," पंचफुलाबाई म्हणाली. "आता कोणाच्या गळ्यात घालू?"

पुंडलिकराव त्या दिवसांत बाहेरच असत. जेवायला येत, न्हाणीकडे पाठ करून बसत आणि 'दसऱ्याच्या आत काईतरी करा लागन' एवढंच म्हणत.

काही केलं नाही. दसऱ्याच्या आठवडाभर आधी साहेबांची मोटार दाराशी आली. साहेब आणि त्यांची बायको ओट्यावर आली आणि त्याच वेळी चारही पिल्लं दारातून बाहेर घरंगळली. एक तर बाईसाहेबांच्या चपलेवरच मुतलं.

"शी," बाईसाहेब मागे सरल्या. "ही काय घाण? ही रूबीची?"

पुंडलिकराव हात जोडून पुस्तकी भाषेत बोलू लागले. "काय सांगू बाईसाहेब. मी तर तिला क्षणभर नजरेआड होऊ दिलं नाही. पण मी कामावर गेलो असताना हिनं मागचं दार उघडं टाकलं. खेड्यातली आहे. तिला या गोष्टी कळत नाहीत."

पंचफुलाबाई रूबीला घेऊन दाराआड उभी होती. तिनं ते ऐकलं. ती बाहेर आली आणि साखळी बाईसाहेबांच्या हातात दिली.

"काय हो, दार लावायचं एवढंही लक्षात राहिलं नाही?" बाईसाहेब म्हणाल्या.

पंचफुलाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. ते आपल्या बुटांकडे पाहत होते. ती शांतपणे म्हणाली, "दार नाई उघडलं म्या. माजावर हाय, बाहेर नेऊ नका म्हनून सांगतलं होतं. यायनं भर बजारात नेली, नायब तहसीलदारायले दाखवाले. थे चिकटले तवा साखळी टाकून हे तमाखूच्या दुकानात जाऊन उभे राह्यले. मी घेऊन आली घरी."

पुंडलिकरावांचा चेहरा पांढरा पडला. आणि मग साहेब हसायला लागले. पोट धरून हसले. "तंबाखूच्या दुकानात? वा पुंडलिकराव, वा." बाईसाहेबही पदर लावून हसल्या.

साहेब रागावले असते तर पंचफुलाबाईला चाललं असतं. नवऱ्याला पाडायचं म्हणून ती बोलली नव्हती. पण तिनं पाहिलं ते वेगळंच. साहेब हसताहेत असं कळताच पुंडलिकरावही हसू लागले. आधी जरासं, मग मोठ्यानं, मान डोलावून, साहेबांच्या हसण्याला आपलं हसणं लावत. "झालं खरं तसं साहेब. काय करता," असं म्हणत डोळे पुसत हसले. बोललेल्या खोट्याचं त्यांना काहीच नव्हतं.

पंचफुलाबाई आत गेली.

मोटार गेली. त्या संध्याकाळी पुंडलिकराव जेवून उठले. लग्न झाल्यापासून ती त्यांच्या उष्ट्या ताटात जेवत आली होती. जगातल्या सगळ्या उष्ट्याखरकट्याची किळस येणाऱ्या बाईला त्या एका ताटाची कधी आली नव्हती. तो विचारच मनात आला नव्हता. आज तिनं ताटाकडे पाहिलं. कडेला चावून टाकलेली शेवग्याची शेंग होती, भातात त्यांच्या बोटांचे ओरखडे. तिनं ते ताट मोरीत नेऊन ठेवलं आणि फळीवरून दुसरं घेतलं.

"काऊन व?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"घाण वाटते," ती म्हणाली.

ते समजले की नाही कोण जाणे.

पिल्लांचं पुढे असं झालं. 'साहेबाच्या कुत्रीची पिल्लं' म्हणून पुंडलिकरावच आता ती कोणाकोणाला कबूल करू लागले. मळकट पिल्लू त्यांनी टोपलीत घालून अण्णाजींकडे पोचवलं. महिनाभरानं अण्णाजींचा गडी ते परत आणून दाराशी बांधून गेला. लांब केस येत नाहीत अशी तक्रार होती. एक काळं कुंताबाईनं बकऱ्यांच्या राखणीला नेलं. उरलेली दोन पंचफुलाबाईचा भाऊ कवडू भाजीची गाडी घेऊन बाजारात आला तेव्हा तिनंच त्याच्या हवाली केली. "रानडुकरं येतात म्हनतं ना वाडीत? घेऊन जाय. पन घरात घेऊ नको. अन् पान्याचं भांडं रोज घासजो."

पुंडलिकराव पुढच्या उन्हाळ्यात हेडक्लार्क झाले. साहेबांना ते आवडू लागले होते. कोणी पाहुणा आला की साहेब ती तंबाखूच्या दुकानाची गोष्ट त्यांच्याकडूनच वदवून घेत आणि ते ती रंगवून सांगत. गोष्टीत दरवेळी काही नवं यायचं. कुत्री घरी कोणी आणली, हा भाग मात्र गळून पडला होता.

परत आलेलं ते मळकट पिल्लू अंगणात वाढलं. पंचफुलाबाई त्याला दुरून भाकरी टाके आणि हात धुई.

त्यानंतरच्या भाऊबीजेला ती समुद्रपूरकडे माहेरी गेली. गाडीतून उतरते तोच वाडीतून दोन थोराड कुत्री झेपावत आली, चिखलानं बरबटलेली, आणि तिच्या पायांना, हातांना, लुगड्याला चाटू लागली. कवडू कौतुकानं म्हणाला, "पाह्य बाई, कशी वळखली त्यायनं."

पंचफुलाबाई लुगडं सावरून अंगणातल्या बाजेवर चढून उभी राहिली होती.

"बांध त्यायले आधी," ती म्हणाली. "अन् पानी आन माह्या हातावर घालाले."