करवंदाचं कुंपण

फुलचूरच्या बाजारात पळसाच्या द्रोणात करवंदं विकणारी ती बाई मला एकदाच भेटली. शेजाऱ्याच्या गायीनं माझे भाजीचे वाफे फस्त केले होते. ते गाऱ्हाणं तिला ऐकवत तो राग मी तिच्याशी घासाघीस करून काढत होतो. पदर सावरत ती हसली.

"काऊन भांडून राहिले भाऊ? हे खा, बिया कुंपणाले लावा. गाय शिरणार नाही, अन् शेजारीच मागाले येईल."

वरून मूठभर पिकली करवंदं तिनं द्रोणात टाकली.

आता कुंपण छातीएवढं झालंय. शेजाऱ्याशी मी अजून बोलत नाही. पण त्याच्या बाजूची कच्ची करवंदं तो तोडतो, लोणच्याची वाटी वरून पुढे करतो आणि मी ती घेतो.

दर बाजारी त्या बाईला शोधतो. भेटली, तर भाव करणार नाही.