उसनी दिलेली खेळाडू

युरोपला जाणाऱ्या संघाच्या यादीत माझं नाव बारावं होतं. कबड्डीत सात जणी मैदानात उतरतात आणि पाच जणी बाकावर बसतात. त्या पाचांतही मी अगदी टोकाला, पाण्याच्या बाटल्यांशेजारी बसायचे. निवड झाल्याचं कळल्यावर आईने चाळीत पेढे वाटले. बाबा मात्र जेवता जेवता म्हणाले, "बाकड्यार बसूक युरोपाक कशाक जातंस? हयसर बाकडी नाय हत?"

बाबा एसी दुरुस्तीची कामं करतात. तरुणपणी ते लालबागच्या एका मंडळाकडून कबड्डी खेळलेले आहेत, त्यामुळे त्यांचा टोमणा हसण्यावारी नेता येईना. माझी बारावी तोंडावर होती. शेवटी आई मध्ये पडली आणि असं ठरलं की या दौऱ्यात एक तरी सामना खेळून आले तर कबड्डी चालू, नाहीतर परत आल्यावर बूट माळ्यावर. मी रागाच्या भरात हो म्हटलं. रागात दिलेला शब्द मी सहसा मोडत नाही, ही माझी जुनी खोड आहे.

दौरा म्हणजे निम्मी सहल आणि निम्मा खेळ. इटलीत उतरायचं, ऑस्ट्रियातून बसने पोलंडला जायचं, वाटेत तिथले कबड्डी क्लब आमच्याशी सामने खेळणार आणि मधल्या वेळात आम्ही देवळं-राजवाडे बघणार. व्हेनिसला आम्ही होडीत बसलो. सगळ्या जणी फोटो काढत होत्या आणि मी आमच्या प्रशिक्षक सरांच्या शेजारची जागा धरून त्यांना विचारत होते, की पहिल्या सामन्याला सात कोण. सर म्हणाले, "पाणी बघ ना जरा. एवढ्या लांब आलीयस." मी पाणी बघितलं. भाऊच्या धक्क्याला असतं तसंच हिरवट होतं.

पहिला सामना एका छोट्या गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये होता. आम्ही गणवेश घालून तयार, आणि समोर सहाच मुली. सातव्या मुलीची परीक्षा होती की ती आजारी होती, ते आम्हाला नीट कळलं नाही. त्यांची कर्णधार सरांशी मोडक्या इंग्रजीत बोलत होती आणि सारखी माफी मागत होती. आमच्याकडे सरावाला मुली कमी पडल्या की समोरच्यांना एखादी उसनी द्यायची पद्धत आहे. सरांनी दुसरा विचारच केला नाही. बाकावर नजर फिरवली, माझ्यावर थांबले आणि म्हणाले, "तू जा गं तिकडे."

ज्या सहजपणे म्हणाले, त्याचा मला संताप आला. घरातली जास्तीची खुर्ची शेजाऱ्यांच्या लग्नाला द्यावी तसं ते देणं होतं. तरी मी उठले. त्या मुलींनी मला गुडघ्यापर्यंत येणारा लाल टी-शर्ट दिला आणि उजव्या कोपऱ्यात उभं केलं. शेजारच्या मुलीने माझा हात धरला. तिचा हात थंडगार होता, घाबरल्यामुळे असणार. तिला सांगायला माझ्याकडे भाषा नव्हती, म्हणून मी नुसता हात दाबला.

परदेशात आमच्या संघाची एक चैन होती. मुंबईत सामना असला की सर खाणाखुणा करत, कारण समोरच्याला सगळं कळतं. इथे मराठी कुणाला कळणार? ते खुशाल ओरडत होते. आमची कर्णधार चढाईला आली तसे सर बाकावरून गरजले, "उजवा कोपरा कच्चा आहे, तिकडून घे!"

उजव्या कोपऱ्यात मी होते, आणि मला मराठी येतं हे अख्ख्या संघातल्या एकीच्याही लक्षात आलं नाही.

माझे कान तापले. दोन वर्षं मी त्या माणसाच्या हाताखाली सकाळ-संध्याकाळ मातीत लोळले होते आणि माझ्याबद्दलचं त्यांचं खरं मत मला लाल टी-शर्टात उभं राहून ऐकायला मिळत होतं. कर्णधार हसत हसत माझ्याकडे आली, मला शिवली आणि सहज परत गेली. मी बाद होऊन रेषेबाहेर बसले. तिथे बसल्या बसल्या ठरवलं, की आता परत आत गेले की हिला सोडायचं नाही.

कर्णधार म्हणजे आमच्या संघाचा हुकमी एक्का. परळपासून दादरपर्यंत तिला पकडणाऱ्या मुली फारशा नव्हत्या. पण बाकावर बसणाऱ्याला दुसरं काय काम असतं? दोन वर्षं मी तिलाच बघत होते. गुण घेऊन परत वळताना तिचा डावा पाय जरा मागे रेंगाळतो. मैदानात असणाऱ्यांना ते दिसत नाही, कारण तोपर्यंत त्या तिच्या हाताला घाबरून मागे सरलेल्या असतात.

माझ्या नव्या संघाने एक गुण मिळवला आणि मी आत आले. सर पुन्हा ओरडले, "तिकडूनच घे, तिकडूनच!" कर्णधार आली. मी घाबरल्यासारखी मागे सरकले, तिने हात लांबवला, वळली, आणि मी जमिनीवर झोकून देत तिचा डावा घोटा दोन्ही हातांनी धरला. ती मला रेषेकडे ओढत होती. माझी हनुवटी मॅटवर घासून सोलली गेली, पण पकड सैल केली नाही. मग ती थंड हातांची मुलगी आणि बाकीच्या कर्णधाराच्या अंगावर येऊन पडल्या. पंचांनी शिट्टी वाजवली. त्या मुली मला मिठ्या मारून नाचल्या.

सामना आमच्या संघानेच जिंकला, पण त्यात मी कर्णधाराला आणखी एकदा पकडलं. बसमध्ये माझ्याशी कुणी बोलेना. शेवटी कर्णधारच शेजारी येऊन बसली. तिचा पाय सुजला होता.

"सर काय बोलत होते, तुला ऐकू येत होतं काय?"

"मराठीतच ओरडत होते ना."

"आयला," ती म्हणाली आणि घोटा चोळू लागली. मग विचारलं, "पण पाय कसा काय दिसला तुला?"

"दोन वर्षं बसलेय ना बाकावर. तूच दिसतेस समोर."

आईने दिलेली जवळ्याची चटणी मी काढली, तिने भाकरीचा तुकडा घेतला, आणि चालकाने वासाने हैराण होऊन काच खाली केली.

हॉटेलवरून मी घरी फोन लावला. बाबांना सांगितलं की मी खेळले, दोन पकडी केल्या. बाबा खूश झाले. कुणाला पकडलं म्हणून विचारलं. आमच्या कर्णधाराला, असं सांगितल्यावर सगळा प्रकार सांगावा लागला. ऐकून ते म्हणाले, "म्हणजे त्यांच्याकडसून खेळलंस. ह्या धरूचा नाय."

मी फोन ठेवला आणि रडले. दुःखाने नाही रडले, चिडून रडले. पण मनात कुठेतरी मलाही पटत होतं. मला माझ्याच संघाकडून खेळायचं होतं.

ऑस्ट्रियात डोंगर पाहिले, एक राजवाडा पाहिला, आणि सामन्यात मी बाटल्यांशेजारी बसले. माझ्या जागी, म्हणजे उजव्या कोपऱ्यात, खेळणारी मुलगी वाईट नव्हती, त्यामुळे तिच्यावर चिडायचीही सोय नव्हती. राहता राहिलं पोलंड.

पोलंडचा क्लब तगडा होता. मॅटही उत्तम, मुलीही उंच. सामन्याच्या आधी त्यांचे प्रशिक्षक आमच्या सरांकडे आले. त्यांची कोपऱ्यातली खेळाडू जायबंदी झाली होती आणि राखीव मुलगी फारच नवी होती. इटलीतल्या सामन्याचा व्हिडिओ त्यांनी बघितला होता. त्यांनी सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. ही मुलगी द्याल का?

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "नो. टुडे वी नीड हर."

हे ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी गुडघ्याला पट्टे बांधले. सरांनी सात नावं वाचली. त्यात माझं नाव नव्हतं.

पहिला डाव मी बसून काढला. आमचा उजवा कोपरा सारखा फुटत होता आणि सर इतके ओरडत होते की त्यांचा आवाज बसला. मध्यंतराला आम्ही बऱ्याच गुणांनी मागे होतो. सगळ्या जणी सरांभोवती गोल करून उभ्या होत्या, पाणी पीत होत्या. मी त्या गोलात शिरले.

"सर, मी लागणार असेन तर मला उतरवा. लागणार नसेन तर तिकडे जाऊ दे. त्यांना पाहिजे आहे मी."

सरांशी असं कुणी बोलत नसे. त्यांचा चेहरा लाल झाला. "बस खाली," ते म्हणाले.

मी बसले नाही. उद्धटपणा होता, मला कळत होतं. पण दोन वर्षं बसून बसून माझी बसायची ताकद संपली होती, आणि घरी जाऊन बूट माळ्यावर टाकायचे असतील तर निदान उभं राहून टाकायचे होते. पंच शिट्टी तोंडात धरून आमच्याकडे बघत होते.

"सर, घ्या ना हिला," कर्णधार म्हणाली. "मी हिच्या हातात दोनदा सापडलेय. मला माहितीये."

सरांनी तिच्या सुजलेल्या घोट्याकडे पाहिलं, मग माझ्या सोललेल्या हनुवटीकडे. त्यांनी कोपऱ्यातल्या मुलीला बाहेर बोलावलं.

मी आत गेले. पहिल्या चढाईत माझी फजिती झाली, एक उंच मुलगी मला ओलांडूनच गेली. परत आत आले तेव्हा तिचा पाय धरला आणि तो सुटू दिला नाही. पुढे आणखी पकडी झाल्या. आम्ही खूप जवळ आलो, पण सामना थोडक्यात गेला. सर मॅटच्या कडेला बसून राहिले. मला आता त्यांच्याकडून काही ऐकायचं नव्हतं.

फोन लावला तेव्हा मुंबईत बाबा नुकतेच कामावरून आले होते.

"हरलो," मी म्हटलं.

"तू खेळलंस?"

"दुसरा हाफ पूर्ण. आपल्याकडून."

मग त्यांनी आईला हाक मारून सांगितल्याचं ऐकू आलं, "आपल्याकडसून खेळला गो चेडू." मला वाटलं आता शाबासकी देतील. पण फोनवर परत आले ते चांगलेच भडकून.

"पयल्या हाफाक तुका बसवल्यान कशाक? त्या मास्तराक फोन दी बघू."