गोणीतल्या पाल्याची जबाबदारी

आदरणीय सुमनताई बिराजदार यांची आणि माझी ओळख नाराजीतूनच झाली. परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रे तयार करण्याचे माझे छोटे ऑफिस नांदेडात आहे. ताई लातूरहून एसटीने आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "शेखभाऊ, तुमचा फॉर्म लई लांबडा हाय. डाळ धाडायची हाय, पोरगी द्यायची न्हाई." मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

बिराजदारांची डाळमिल घरची. यजमान गेल्यावर ताईंनीच ती सांभाळली. मोठ्या मिलांपुढे बाजारात निभाव लागेना, तेव्हा त्यांनी आखाती देशातल्या एका किराणा व्यापाऱ्याला तूरडाळ द्यायचे ठरवले. हे जमले नाही तर मिलला कुलूप लागणार, हे त्या कोणापासून लपवत नसत.

पहिला कंटेनर भरला तेव्हा डाळ अगदी निवडक होती. पण आपल्याकडे साठवणीच्या डाळीत किडा लागू नये म्हणून कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकतात. ताईंनी तो रिवाज परदेशी जाणाऱ्या गोण्यांतही मायेने पाळला. विचारण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटले नाही आणि मलाही सुचले नाही. तिकडच्या बंदरावर तपासणीत गोण्या उघडल्या, तर कागदावर नुसती डाळ आणि आत पाला! माल अडकला. पाला कोणी टाकला, याचा खुलासा व्यापाऱ्याने मागवला.

पत्र घेऊन मी लातूरला गेलो. आज लाज वाटते, पण पुढचा सल्ला माझाच होता. "ताई, गोण्या भरणाऱ्या बाईची चूक म्हणून लिहू. तिला कामावरून काढलं म्हणू. तिथून कोण बघायला येऊन राहिलंय?"

गोण्या भरण्याचे काम चंदाबाईंकडे होते. मिलमध्ये त्यांची उभी हयात गेली होती. त्या तेव्हा दारातच उभ्या होत्या.

ताई म्हणाल्या, "पाला टाक म्हून म्या सांगितलं. तिचं नाव कशापायी? लिहा, मालकिणीची चूक."

"अशानं ऑर्डर जाईल, ताई."

"जाऊ द्या. चंदा न्हाई जानार."

मी तसेच लिहिले. माल परत आला. ताईंनी तो मिळेल त्या भावाने विकला, शेताचा एक तुकडाही विकला आणि मिल चालू ठेवली. त्या काळात मी त्यांना हट्टी म्हणत असे, तेही चारचौघांत. बऱ्याच महिन्यांनी त्या व्यापाऱ्याचा निरोप आला: मालकाने स्वतःची चूक सांगितल्याचे हे पहिलेच पत्र, थोडा माल पुन्हा पाठवा, पाला मात्र नको. आज ताईंची डाळ तीन देशांत जाते. गोण्या चंदाबाईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय शिवल्या जात नाहीत.

परदेशी व्यापाराचे शिक्षण ताईंनी कधी स्वतःपुरते ठेवले नाही. मध्यंतरी हदगावचे एक हळद दळणारे जोडपे सल्ल्यासाठी आले होते. "आधी माझी चूक ऐका, मंग जेवा," म्हणून ताईंनी पाल्याची सारी हकीकत सांगितली. नंतर परदेशी पाठवायचा त्यांच्या हळदीचा नमुना निवडण्यात अख्खी दुपार घालवली. अशी माणसे त्यांच्या ओसरीवर नेहमीच दिसतात.

ताईंना पंच्याहत्तरावे वर्ष लागले, म्हणून हा गौरव अंक निघतो आहे. गुडघे सोडले तर तब्येत खणखणीत आहे. अल्ला त्यांचे गुडघेही बरे करो, त्यांना उदंड आयुष्य देवो आणि त्यांच्या मिलचा आवाज आम्हांला पुष्कळ वर्षे ऐकू येवो.

गौरवाच्या अंकात माफी मागण्याची रीत नाही. तरी मागतो, कारण ताईंच्या गौरवाला मी याहून खरे काही देऊ शकत नाही. चंदाबाई, त्या दिवशी मी तुमच्या देखत तुमची भाकरी काढून घ्यायला निघालो होतो. निघताना तुम्हीच मला चहा आणून दिलात, आणि मी तो मान खाली घालून प्यालो. मला माफ करा.