कोपरा फाटलेली पाकिटं

ती घटना आठवली की आजही मी हातात आलेल्या पाकिटाचे आधी चारही कोपरे बघतो. बायको हसते. हसू दे. तिने ते शेडमधलं फडफडणं ऐकलेलं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. श्रावणातली दुपार होती, ठाण्यात शुकशुकाट होता आणि आमचे हवालदार स्टेशन डायरीवर डोकं टेकून सरकारी सेवा बजावत होते. अशा वेळी जवळच्या काजू कारखान्याचे मॅनेजर पिशवी घेऊन आत आले.

"साहेब, आमची पत्रं परत येताहेत."

"मग पोस्टात जा."

"गेलो होतो. ते म्हणाले, पोलिसांत जा."

त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली. कारखान्याचं नाव छापलेली पाकिटं पडली. प्रत्येकावर पोस्टमनचा शेरा, 'घेण्यास नकार'. आणि प्रत्येकाचा डाव्या हाताचा वरचा कोपरा फाटलेला. हवालदार जागे झाले, त्यांनी पाकिटांकडे पाहिलं आणि आपली खुर्ची भिंतीपर्यंत मागे सरकवली.

आमच्याकडे मरणाची बातमी कळवणाऱ्या पत्राचा कोपरा फाडतात. ते पत्र घरात नेत नाहीत. बाहेरच उभ्याने वाचायचं आणि फाडून टाकायचं.

"इथून जाताना पाकिटं धड असतात," मॅनेजर म्हणाले. "परत येतात ती अशी. गावागावातून आमच्यावर मरण पाठवताहेत, साहेब."

लावणीसाठी गावी गेलेल्या कामगार बायकांना कारखाना दरवर्षी पत्रं टाकून बोलावून घेई. यंदा एकही पत्र कुणी घेतलं नव्हतं. पोस्टमनला विचारावं तर तो म्हणे, लोक दार लावून घेतात, मी काय करू.

दुसऱ्या दिवशी मासळी बाजारात आमच्या खबऱ्याने मला सुरमईच्या टोपलीआड घेतलं. "साहेब, ती पाकिटा कोण लिवता ता बघा. तिचो घोव समुद्रात गेलो. मडा गावाक नाय. तोच परतयता."

घोव म्हणजे नवरा, आणि मडा गावाक नाय म्हणजे प्रेत सापडलं नाही. कारखान्यात टपाल पाहणारी एक तिशीची बाई होती. आदल्या वर्षी तिच्या नवऱ्याची होडी वादळात गेली. बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, त्याचं लागलं नाही. तिने मंगळसूत्र काढलं नव्हतं, आणि लोकांना तेवढं पुरे होतं.

मॅनेजरला भुतात रस नव्हता. त्यांना हवा होता आरोपी. "चतुर्थीच्या आत उलगडा झाला नाही तर बाईला कामावरून काढतो आणि टपाल नासवल्याची फिर्याद देतो," असं त्यांनी मला स्वच्छ सांगितलं. तिच्या पगारावर तिची म्हातारी सासू जगत होती.

मी कारखान्यात गेलो. भट्ट्या थंड. टरफलांच्या तेलाचा उग्र वास भिंतींत मुरलेला. परत आलेली पाकिटं कचेरीत ठेवायला कुणी तयार नव्हतं, म्हणून ती मागच्या रिकाम्या शेडमध्ये जांभ्या दगडाखाली दाबून ठेवली होती. खाडीवरून वारा आला की त्यांचे फाटके कोपरे एकदम फडफडत. एखादं मोठं पाखरू दगडाखाली जिवंत सापडावं तसा तो आवाज. मी शूर माणूस आहे, पण शेडमधून बाहेर पडताना पाठ फिरवली नाही. उलट पावली आलो.

बाईचा जबाब तिच्याच टेबलाशी घेतला.

"या पाकिटांवरचं अक्षर तुमचंच?"

"हो."

"कोपरे तुम्ही फाडता?"

"नाही."

"मग कोण फाडतं?"

तिने खिडकीतून खाडीकडे पाहिलं. "मी विचारत नाही, साहेब."

"नोकरी जाईल. फिर्याद होईल. भीती नाही वाटत?"

"नाही."

चौकशीत रडणारे, ओरडणारे, पाया पडणारे मी भरपूर पाहिले होते. पण संशय असा शाल घेतल्यासारखा अंगावर घेऊन स्वस्थ बसलेलं माणूस पाहिलं नव्हतं. परतताना हवालदार जीपमध्ये म्हणाले, "साहेब, बाई निर्दोष आसा. पण माका तिची भीती वाटता."

आमची ती जीप रोज कुठेतरी बंद पडायची. ती बंद पडली की हवालदार टाकीपासून इंजिनपर्यंत एकेक जोड उघडून पेट्रोल कुठवर येतंय ते बघत. त्या दिवशीही ती चढणीला थांबली, त्यांनी बॉनेट उघडलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. पत्रालाही टेबलापासून उंबऱ्यापर्यंत एकच वाट असते. बिघाड कुठल्या टप्प्यात आहे ते बघावं.

मी बाईकडून एक पाकीट लिहून घेतलं, खिशात घातलं आणि एस.टी.ने कणकवलीकडच्या एका गावी गेलो. त्या घराने आधीचं पत्र नाकारलं होतं. साध्या वेशात होतो. घरापुढच्या खळ्यात एक म्हातारी बाई सुपात तांदूळ पाखडत होती. पाकिटावरचं छापील नाव दिसताच ती सूप घेऊन मागे सरली.

"कारखान्याचा पत्र? ता थंयच ठेवा. आत हाडू नुको."

"का वो?"

"चवथ तोंडार इली. आमका गणपती हाडूचो आसा."

मी पाकीट हातात तसंच धरून उभा राहिलो. तिने मान लांब करून पाहिलं. मग जवळ आली.

"ह्याका चारय कोपरे आसत."

"आसत."

"मगे द्या."

तिच्या सुनेने वाचून दाखवलं: चतुर्थीनंतर कामावर यावे. म्हातारी मटकन बसली आणि हसत सुटली. "कामाचा पत्र ता! आमी म्हटला, थंय आमच्या भावकीतला कोणतरी मेला. आयकला आसता तर सुतक लागला आसता. मगे गणपती खंयचो?"

कोकणात चतुर्थी म्हणजे काय हे सांगायला नको. भावकीतल्या मरणाची बातमी कानावर आली की सुतक लागतं, आणि सुतक लागलं की त्या वर्षी घरात गणपती नाही. म्हणून पत्रच घ्यायचं नाही. का घेत नाही हेसुद्धा बोलायचं नाही, कारण सणाच्या तोंडावर मरणाचा शब्द कोण काढणार? कारखान्याला वाटत होतं, गावं मरण पाठवताहेत. गावांना वाटत होतं, कारखाना पाठवतोय. दोघं एकमेकांना घाबरून दारं लावून बसली होती.

म्हणजे पाकीट टेबलावर धड होतं आणि उंबऱ्याशी पोचताना फाटलेलं होतं. मधला पहिला टप्पा कचेरी ते पोस्ट. दुसऱ्या दिवशी मी खाडीच्या वाटेवर एका माडाला टेकून उभा राहिलो. कारखान्याचा म्हातारा शिपाई सायकलवरून आला. हँडलला पाकिटांची माळ लटकत होती. सुतळीत ओवलेली, बांगडे ओवावेत तशी.

मी आडवा गेलो. "तात्या, ह्या काय?"

तात्या उतरले. "वाऱ्यान येकदा सगळी पाकिटा खाडयेत उडयली, साहेब. मॅनेजरान माका धू धू धुतलो. तेवापासून गेटाभायर इलंय की ओवतंय."

"आणि पेटीत टाकताना?"

त्यांनी माळेतलं एक पाकीट धरून खस्सकन ओढलं. कोपऱ्याचा तुकडा सुतळीवर राहिला.

"इतके दिवस भुताच्या गजाली ऐकलास. मगे बोलूक नाय कित्या?" मी विचारलं.

तात्यांनी मला बाजूला घेतलं, आवाज खाली केला. "माजो कोपरो बारीक, साहेब. परत येता तो केदो मोठो. तो माजो न्हय. तो तेचो."

पोस्टाच्या थैलीत आणि पावसात भिजून फाटकी कड आणखी फाटत जाते, हे पटवायला मला अर्धा तास लागला. पटलं असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही.

कचेरीत सगळ्यांना गोळा करून मी तात्यांना माळ ओवायला आणि ओढायला लावली. मला नाटकाची हौस आहेच. मॅनेजरनी तक्रार मागे घेतली, बाईची नोकरी राहिली, तात्यांना झाकणाची पिशवी मिळाली. पुढची पत्रं घरोघर घेतली गेली. डायरीत मी 'गुन्हा घडलेला नाही' असं लिहिलं.

निघताना बाईच्या टेबलाशी थांबलो. ती आभार मानेल अशी माझी समजूत.

"तात्याच होते ना, साहेब? नक्की?"

"नक्की. तुमच्यावर आता कुणाचा संशय नाही."

तिने मान हलवली. समोरचं कोरं पाकीट सरळ केलं.

"सगळे घाबरायचे. मला नाही भीती वाटली," ती म्हणाली. "ते गेल्याचं मला कुणी कळवलंच नव्हतं. पहिलं पाकीट परत आलं, कोपरा बघितला, वाटलं, त्यांनीच कळवलं एकदाचं."

मी टोपी घातली आणि बाहेर आलो.

पुढे नोकरीत अनेकांची भुतं उतरवली, तो आमच्या धंद्याचाच भाग आहे. पण त्यानंतर भूत उतरवण्याआधी मी एक चौकशी जास्त करायचो. त्याला घाबरतं कोण हे तर विचारायचोच, त्याच्या आधारावर कोण जगतंय तेही विचारायचो.