स्रेतेनच्या लॅपटॉपची अर्धी मेमरी

आमच्या आरिल्ये गावातल्या बहुतेक जोडप्यांनी आपलं लग्न माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलंय. स्रेतेन लग्नांचं चित्रीकरण करतो. ऐन तारुण्यात त्याने खांद्यावर कॅमेरा घेतला, तो अजून खाली ठेवलेला नाही. नवरी रडायला लागली की हा पुढे, सासरेबुवा टेबलाखाली गेले की हा मागे. चित्र जरा हललं की तेवढा तुकडा कापून फेकायचा, हा त्याचा हट्ट. एका नवरदेवाच्या मामाचं अख्खं भाषण त्याने उडवलं, कारण भाषणभर चित्र थरथरत होतं. ते मामा अजून आमच्याकडे बघून मान फिरवतात. स्वतः स्रेतेन मात्र कुठल्याच लग्नात दिसत नाही. दिसणार कसा, पलीकडे उभा असतो ना!

गेल्या हिवाळ्यात त्याच्या हृदयाने दगा दिला. डॉक्टरांनी सिगारेट बंद केली, दारू बंद केली आणि ऑक्टोबरात बेलग्रेडला झडपेचं ऑपरेशन ठरवलं. सिगारेट तो अधूनमधून चोरून ओढतो, मला वास येतो, मी गप्प बसते. दारूच्या बाबतीत मात्र त्याने शब्द पाळला. कुणाच्या बारशालासुद्धा ओठ लावेना. लोक म्हणायला लागले, स्रेतेन मठात जाणार बहुतेक.

ऑगस्टात आमच्या नेवेनाचं लग्न झालं. पोरगी नोकरीला नॉर्वेत, जावईही तिकडचाच. रविवारी सकाळी दोघं परत जाणार होती. स्रेतेनने लग्नाची फिल्म त्याआधी पूर्ण करायची ठरवली होती. "पाठवून नाही द्यायची," तो म्हणायचा, "तिच्या शेजारी बसून बघायचीय." एकदा नेवेना सहज म्हणाली, "एवढी घाई कशाला बाबा? पुढच्या उन्हाळ्यात येऊ तेव्हा बघू की." तो उठून अंगणात निघून गेला. ऑक्टोबरचं नाव घरात कुणी काढत नव्हतं, पण त्या दिवशी ते आमच्यासोबत जेवायला बसलं होतं.

गुरुवारी सकाळी मी पीठ मळत होते, तेवढ्यात त्याची आरोळी आली.

"झागोर्का! दरोडा पडला!"

मी पिठाच्या हातांनी धावले. "काय गेलं?"

"अर्धी मेमरी! सोळा जीबी होती, आता लॅपटॉप आठ दाखवतोय. रात्री त्या मेल्या अपडेटने खाल्ली."

फिल्मचा प्रोग्राम उघडायचा, वरात चर्चच्या दारापर्यंत यायची आणि तिथेच सगळं थिजायचं. मग प्रोग्राम आपोआप बंद. पुन्हा उघडला, पुन्हा दारातच अडकला. आमची नेवेना काही केल्या चर्चच्या आत जाईना.

"बाबा, अपडेट मेमरी खात नसतं रे," नेवेना जांभई देत म्हणाली.

"मग कोण खातं? तुझी आई?"

नेवेना फोनवर शोधत बसली. सेटिंगच्या कुठल्याशा खिडकीत मेमरीवर मर्यादा घातलेली असू शकते म्हणे. ती खिडकी सापडली, मर्यादा कुणी घातलेली नव्हती. मग अपडेट काढून टाकलं. त्यात दुपार गेली, आठ ते आठच. शेजारच्या गावच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला, तो म्हणाला सोमवारी आणा. सोमवारी आणून काय त्याचं लोणचं घालायचं? संध्याकाळपर्यंत स्रेतेनने अपडेट बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांची आठवण काढली होती. रात्री तो जेवला नाही. मला त्या यंत्रापेक्षा त्याच्या छातीची जास्त काळजी वाटत होती, आणि ते बोलून दाखवायचीही सोय नव्हती.

शुक्रवारी द्रागुतीन आला. हा आमच्या लग्नातला साक्षीदार, म्हणजे आमचा कूम. आमच्याकडे कूम सख्ख्या भावाच्याही वर. त्याला आमंत्रण लागत नाही आणि त्याला घालवताही येत नाही. त्याने लॅपटॉपकडे पाहिलं, मग उघड्या खिडकीकडे पाहिलं आणि निदान केलं.

"वारा लागलाय."

"कूम, लॅपटॉपला वारा लागतो का?" नेवेना म्हणाली.

"तुझ्या बापाची पाठ कशाने धरली होती? माझी दाढ कशाने सुजली? दोन खिडक्या समोरासमोर उघड्या ठेवतात का शहाणी माणसं?"

मी उठून एक खिडकी लावली. लॅपटॉपचं मला माहीत नाही, पण वाऱ्याशी खेळ नको. द्रागुतीनने कॉफीचा घोट घेतला.

"बरं, अपडेटच्या आधी तू काय केलं होतंस?"

"काही नाही," स्रेतेन म्हणाला. "आतून साफ केला फक्त. साफ करून चालू केला, तर लगेच अपडेटच सुरू झालं."

"हे काल का नाही सांगितलंस?" नेवेना ताडकन उठली.

"सांगायचं काय त्यात? साफसफाईने कधी काही बिघडतं का? मेमरीच्या पट्ट्यासुद्धा काढून पुसल्या. त्याही तुझ्या कूमच्या पहिल्या धारेने!"

राकिया म्हणजे आमची फळांची दारू, पण पहिल्या धारेची आम्ही पीत नाही. आलुबुखारांची भट्टी लागली की सुरुवातीची जहाल धार वेगळी काढायची, ती गुडघे चोळायला, काचा पुसायला, जखमा धुवायला. द्रागुतीन ती दरवर्षी आणून देतो, पाण्याच्या हिरव्या बाटल्यांत. त्याच्याकडची प्रत्येक गोष्ट हिरव्या बाटल्यांतच येते. चिठ्ठी लावणं त्याला अपमान वाटतो, बाटली उघडली की कळतंच म्हणतो.

स्रेतेनने ती बाटली आणली. द्रागुतीनने झाकण काढलं, हुंगलं, भुवया आक्रसल्या आणि एक घोट घेतला. मग तो माझ्या नवऱ्याकडे वळला.

"अरे गाढवा, ही मध घातलेली आहे! झागोर्काचा घसा बसला होता तेव्हा दिलेली. तू लॅपटॉपला मध चाटवलास!"

"मला काय ठाऊक?"

"चाखून बघायची ना!"

"चाखू कशी?" स्रेतेन ओरडला. "बंदी आहे ना मला!"

मग नेवेना हसत हसत खाली फरशीवरच बसली, आणि मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. साऱ्या आरिल्येत दारू सोडल्यामुळे नुकसान झालेला हा एकटाच माणूस असेल. तो बिचारा मात्र हसत नव्हता.

लॅपटॉप पुन्हा उघडला. दोन पट्ट्यांपैकी एक बोटाला चिकटून वर आली, तिच्या पितळी कडेवर मधाचा थर बसला होता. मी फळीमागून दुसरी हिरवी बाटली काढली. या वेळी द्रागुतीनने आधी चाखली, खोकला, डोळे पुसले आणि म्हणाला, "हीच." नेवेनाने स्वच्छ फडक्याने दोन्ही पट्ट्या आणि त्यांच्या खाचा पुसल्या, चांगल्या वाळू दिल्या आणि पट्ट्या खट् आवाज येईपर्यंत दाबून बसवल्या. बटण दाबलं. आम्ही सगळे मृताच्या घरी जमतात तसे उभे.

"सोळा," नेवेना म्हणाली.

"पुन्हा वाच."

"सोळा आहे रे बाबा!"

माझा जीव भांड्यात पडला. स्रेतेन खुर्चीत बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी घाबरून त्याच्या खांद्याला धरलं.

"छातीत दुखतंय का?"

"नाही गं. डोळ्यांत गेलीय ती राकिया."

रात्री उशिरापर्यंत बसून स्रेतेनने फिल्म पूर्ण केली, आणि शनिवारी दुपारी गिबानित्साचा, म्हणजे आमच्या चीज भरलेल्या पाईचा, तवा मधोमध ठेवून आम्ही ती बघायला बसलो. नेवेना एकदाची चर्चच्या आत गेली, लग्न लागलं, मंडप भरला, अकॉर्डियन सुरू झालं. आणि मग अचानक चित्र थरथरायला लागलं. कोलोच्या फेरनाचात लेकीचा हात धरून स्रेतेन नाचत होता. त्या वेळी मी त्याच्या हातातून कॅमेरा हिसकावून घेतला होता, आणि रडत रडत काय टिपलं ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. कधी दोघांची डोकी गायब, कधी नुसतेच बूट.

मी मान खाली घालून बसले. आता हे मध्येच तुटेल, आता तुटेल, म्हणून वाट बघत राहिले. नाच संपेपर्यंत ते तुटलं नाही.

"केवढं हललंय रे," मी हळूच म्हटलं. "कापलं नाहीस?"

"गप्प बस," स्रेतेन म्हणाला. नेवेनाचा हात त्याच्या हातात होता. "चांगलं आलंय."