मातीसकट गाजरं

“पुसलं की झालं की, डाक्टर,” असं म्हणत बाजारातली भाजीवाली मावशी टोपलीतलं गाजर पदराला दोनदा घासायची, मोडायची आणि अर्धं माझ्या हातात द्यायची. मी डॉक्टर नव्हतो. एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचो. पण दवाखान्याच्या फाटकातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस तिच्या लेखी डॉक्टरच होता. आमच्या वॉचमनलाही ती गुडघ्यावर औषध विचारायची.

दिवसभर जंतू बघून आलेला मी ते गाजर मुकाट्याने खायचो. नाही म्हणायची सोयच नव्हती. म्हटलं तर “का, इख घातलंय व्हय त्यात?” असं भर बाजारात विचारायची आणि चार गिऱ्हाइकं वळून माझ्याकडे बघायची. तुमच्याही बाजारात अशी एखादी मावशी असेलच. आपण तिच्याकडून भाजी घेतो असं आपल्याला वाटत असतं, पण काय न्यायचं ते तीच ठरवते.

ती गडमुडशिंगी गावाहून यायची. हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर गोंदण, आणि आवाज असा की शेजारच्याला ओरडायची गरज पडू नये. तिच्या मुळ्यांना, गाजरांना मातीचा कण नसायचा, म्हणून बायका तिच्याकडेच गर्दी करायच्या. तिला नातवंड नव्हतं. आमची मनू तेव्हा सहा वर्षांची होती. आईबरोबर बाजारात आली की ती थेट या टोपलीपाशी जाऊन उभी राहायची, आणि सगळ्यात लाल, सगळ्यात कोवळं गाजर तिच्यासाठी बाजूला काढलेलं असायचं.

त्या वर्षी भोगीच्या आदल्या दिवशी मनूने असंच एक गाजर तिथेच उभ्याने खाल्लं. संक्रांतीला पोर उलट्या-जुलाबांनी आडवी झाली. ताप चढला, डोळे खोल गेले, सलाईन लावावं लागलं. तिचा नमुना मीच तपासला. इतक्या वर्षांच्या नोकरीत एकच नमुना मी तेवढा एकदाच तीन-तीनदा बघितला.

मावशीला कुणीतरी सांगितलं असावं. ती दवाखान्यात आली, मनूच्या उशाशी बसली, आणि पदराखालून गाजर काढून पुसायला लागली. मी तिचा हात धरला.

“मावशी, नको. बहुतेक यानंच झालंय.”

मला वाटलं होतं, आता ही दवाखाना डोक्यावर घेणार. पण तिने हातातल्या गाजराकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, “माज्या हातनं?”

खात्रीने सांगता येत नाही, असं मी म्हणालो, आणि ते खरंही होतं. जंतू आपला पत्ता लिहून ठेवत नाहीत. पण मनूने त्या दोन दिवसांत बाहेरचं दुसरं काही खाल्लं नव्हतं. मावशीने गाजर परत पदराखाली घेतलं आणि ती निघून गेली.

पाचव्या दिवशी मनू घरी आली. पुढच्या रविवारी मावशीने निरोप धाडून मला गावाकडे बोलावून घेतलं आणि वाटेवरच्या ओढ्यावर नेलं. बाजाराला निघालेल्या सगळ्या जणी तिथेच भाजी धुऊन पुढे जायच्या. ओढ्याची धार आटत आली होती. वरच्या अंगाला म्हशी बसल्या होत्या आणि त्यांच्याही वर गावाचं गटार येऊन मिळत होतं.

“माती बघून गिऱ्हाईक नाक मुरडतंय, म्हनून हितं धुतो,” ती म्हणाली. “त्या दिशी पोरीचं गाजर तर म्या दगडावर लई घासून धुतलं हुतं.”

राग धरून गेलो होतो, तो कुठे ठेवावा ते कळेना.

मग तिथेच बसून मी तिला सांगितलं की मातीपेक्षा हे पाणी वाईट आहे, आणि पदराने जंतू जात नाहीत. घरी नेऊन चांगल्या पाण्याच्या धारेखाली चोळून धुवायचं, साल काढायची, हात आणि सुरीही धुवायची, मग कच्चं खायचं. तिने हे शाळेतल्या पोरीसारखं दोनदा म्हणून दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या टोपलीत मातीसकट गाजरं आली. “माती हाय. घरला जाऊन नळाखाली चोळून धुवा, साल काढा, मगच खावा,” हे ती पालेभाजी घेणाऱ्यालाही ऐकवायची. बायका शेजारच्या चकचकीत टोपल्यांकडे वळल्या. एकीने तर विचारलं, मावशी, धुवायचा कंटाळा आला होय? इतकी वर्षं पुसलेली गाजरं गिळणारा मी पिशवी घेऊन शेजारी उभा राहायचो आणि येईल त्याला माती का चांगली ते समजावायचो. काही जणी परत आल्या, बऱ्याच आल्या नाहीत. तिने ओढ्यावर पाऊल ठेवलं नाही.

पण आपल्या हाताने तिने पुन्हा कुणालाच गाजर दिलं नाही. मनू समोर आली की दोन्ही हात मांडीखाली घालून बसायची आणि म्हणायची, “घरला जा पोरी, आयकडनं धुऊन घे.” आज्जी आपल्यावर रागावली आहे, असं मनूला कितीतरी दिवस वाटायचं. खरं कारण तिला मोठी झाल्यावर कळलं.

दहा-बारा वर्षांनी गुडघ्यांनी दगा दिला आणि मावशीचं बाजारात येणं थांबलं. ती गेली त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मनू आणि मी तिला भेटायला गेलो. अंगणात बाजेवर बसली होती. आवाज पार खाली आला होता. कडेला रानातून आणलेल्या गाजरांची जुडी पडली होती.

मनूने त्यातलं एक उचललं. नळाखाली धरून चोळून चोळून धुतलं, सुरीने खरवडलं, पुन्हा धुतलं, आणि ते ओलं गाजर म्हातारीच्या हातात ठेवलं.

“आज्जी, आता तू दे.”

सवयीने तिचा हात पदराकडे गेला आणि वाटेतच थांबला. मग तिने ते पाणी गळणारं गाजर तसंच पुढे केलं. मनू तिथेच उभ्याने खायला लागली, आणि शेवटचा तुकडा संपेपर्यंत म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत राहिली.