सव्वाशे मीटर पूर्वेला

निवृत्त हवालदार कृष्णात मगदूम यांच्याकडे दिल्लीचा जो नकाशा आहे, त्यात मेट्रो जवळजवळ नाहीच. द्वारका अर्धी बांधून झालेली आहे, आणि गुरुग्राममध्ये मी ज्या इमारतीच्या चौदाव्या मजल्यावर राहते तिथे बाजरीचं शेत आणि एक विहीर आहे. हे मी त्यांना पहिल्याच भेटीत दाखवून दिलं. ते म्हणाले, विहिरीला पाणी चांगलं होतं.

मगदूम काका गडहिंग्लजकडचे. फौजेत तोफखान्यात सर्व्हेला होते. म्हणजे आपली तोफ नेमकी कुठे उभी आहे हे मोजून सांगायचं काम. ही जागा चुकली तर पुढचं सगळंच चुकतं, त्यामुळे काकांना चूक या गोष्टीचं कौतुक नाही. निवृत्तीनंतर ते पालम कॉलनीत राहिले आणि एका खाजगी कंपनीत जमिनी मोजू लागले. कंपनी बंद पडली तेव्हा निरोपाला शाल-नारळाऐवजी त्यांना तिथला कॉम्प्युटर मिळाला, आणि त्याच्यात ‘भूपट’ नावाचं नकाशाचं सॉफ्टवेअर. ते बनवणारी मंडळीही पुढे कुठे गेली कोणास ठाऊक. भूपट चालायला कॉम्प्युटरच्या मागे अंगठ्याएवढी एक निळी किल्ली खोचावी लागते. ही किल्ली ठकूबाई, म्हणजे काकू, देव्हाऱ्यातल्या डबीत ठेवतात. दसऱ्याला तिलाही हळदकुंकू लागतं.

या नकाशात एकशे त्रेचाळीस ठिपके आहेत. प्रत्येक ठिपका म्हणजे एक मराठी घर, आणि तेही असं घर की जिथे अनोळखी माणसाला चार दिवस राहता येतं. दोन हजार पाच साली शेजारच्या गावचा एक म्हातारा दिल्लीला आला होता. मुलगा जवान, छावणीतल्या मोठ्या इस्पितळात भरती. म्हाताऱ्याला हिंदी येत नव्हतं. पत्ता लिहिलेला कागद प्रवासात भिजला. दोन दिवस तो पहाडगंजच्या एका लॉजमध्ये बसून राहिला, तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याला इस्पितळात नेलं, तोवर मुलगा गेला होता. काकांनी ही गोष्ट मला एकदाच सांगितली, तीही पाठमोरं उभं राहून. त्यानंतर ते हातात जीपीएसचं यंत्र घेऊन स्कूटरवरून दिल्लीभर फिरले. गल्ल्यांमधले घरनंबर लॉटरी काढल्यासारखे असतात, एकोणीसच्या शेजारी दोनशे चार, म्हणून दारात उभं राहून जागा नोंदवायची. ठिपक्यावर टिचकी मारली की रोमन लिपीत मराठी टीप उघडते. ‘जिना नाही, म्हाताऱ्यांना चालेल.’ ‘पाणी सकाळी सहा ते सात.’ ‘कुत्रा बांधलेला असतो. आजी मोकळ्या असतात, पण मनाच्या चांगल्या.’

पद्धतही ठरलेली होती. गावाकडून कुणी येणार असलं की काका स्वतः स्टेशनवर जायचे. पाहुण्याला आधी इस्पितळाजवळच्या घरी न्यायचं, आंघोळ घालायची, दोन घास खायला लावायचे, मग पास काढून इस्पितळात. उपाशी माणसाच्या डोक्यात डॉक्टरचं बोलणं शिरत नाही, असं त्यांचं मत आहे. वीस वर्षांत एकही पाहुणा रस्त्यावर पत्ता विचारत फिरला नाही, हेही ते सांगतात. बाकी कशाबद्दल त्यांना अभिमान असल्याचं मी ऐकलेलं नाही.

यंदा तो कॉम्प्युटर बंद पडला. मुलाने, यशराजने, बंगळूरहून नवा लॅपटॉप पाठवला. त्यावर भूपट चालेना. मराठी मंडळातून कुणीतरी माझं नाव सुचवलं: रुचिरा, पुण्याची आहे, सायबर सिटीत आयटीत आहे, सगळं येतं तिला. यातलं शेवटचं मी नाकारलं नाही, तिथेच घात झाला.

पालमच्या त्या खोलीत बसून मी सीडी लावली. नव्या विंडोजने सांगितलं, हा प्रोग्राम या मशीनवर चालणार नाही. मी त्याला जुन्या विंडोजचा मुखवटा चढवून पाहिला, प्रशासकाचे अधिकार देऊन पाहिले. आतला प्रोग्राम कसाबसा येऊन बसला तर किल्ली ओळखीची नव्हती. एक उपाय होता. लॅपटॉपच्या पोटात जुन्या विंडोज एक्सपीचा एक खोटा कॉम्प्युटर उभा करायचा आणि त्यात भूपट बसवायचं. पण त्यात अख्खा दिवस मोडला असता. माझ्याकडे रविवारची दुपार होती, आणि संध्याकाळी आमच्याकडे लोक जेवायला यायचे होते.

म्हणून मी शहाणपणा केला. जुन्या डिस्कमधून ठिपक्यांची फाईल काढली आणि ती फोनच्या नकाशात चढवली. फोन ती घेईना. पहिल्या ओळीत काहीतरी भलतंच लिहिलेलं होतं, ती ओळ मी पुसली. मग घेतली. चाळीस मिनिटांत एकशे त्रेचाळीस घरं फोनवर. काकांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनच दिवसांपूर्वी झालं होतं, त्यांना पडद्यावरचं काही दिसत नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, “मूळ आधार कुठला धरलाय, ते बघितलंत ना ताई?”

मी बिल्कुल म्हणाले. प्रश्न मला कळलाच नव्हता.

गुरुवारी गावाकडून इंदुमतीबाई येणार होत्या. त्यांचा मुलगा शंभू, चोवीस वर्षांचा जवान, डोंगरातल्या रस्त्यावर गाडी उलटून मणक्याला मार बसलेला. दुपारी बाराला ऑपरेशन होतं. उठेल की नाही, उठला तर पाय हलतील की नाही, काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याने आईला फोनवर सांगितलं होतं की मला आत नेण्याआधी पोच. काकांना डोळ्यामुळे स्टेशनवर जाता येत नव्हतं. मी म्हटलं, त्यात काय, मी इथून कॅब करते, इस्पितळाजवळच्या अलकनंदा वहिनींच्या घराची पिन टाकते, दारात उतरतील. मीटिंगमध्ये बसून मी हे सगळं केलं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

गाडी दोन तास उशिरा आली. दहाला माझ्या फोनवर निरोप आला की प्रवासी पोचले. साडेदहाला सागरपूरहून अलकनंदा वहिनींचा फोन: पोहे गार झाले, पाणी तापून गार झालं, बाई कुठे आहेत? त्यांचे यजमान पास घेऊन दारात उभे होते. कॅबवाला म्हणाला, मॅडम, लोकेशन पे ही उतारा. इंदुमतीबाईंचा फोन बंद. मी सगळ्यांना ठासून सांगत होते की पिन बरोबर आहे. अलकनंदा वहिनी म्हणाल्या, अहो, मी माझ्या घरात उभी आहे, पिन बघून काय करू?

काका डोळ्याला काळा चष्मा लावून रिक्षाने सागरपूरला पोचले होते आणि एकेक गल्ली पालथी घालत होते. साडेअकराला त्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता.

“ताई, त्या फाईलच्या पहिल्या ओळीत काय लिहिलं होतं?”

मी मीटिंग सोडून बाहेर आले, मूळ फाईल शोधून उघडली आणि वाचून दाखवलं. एव्हरेस्ट, अठराशे तीस.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. पृथ्वीचं माप इंग्रजांनी एका पद्धतीने धरलं होतं, तेच हे एव्हरेस्ट, जुने सरकारी नकाशे त्यावर बेतलेले, म्हणून काकांनी आपलं यंत्रही त्याच मापावर लावलं. फोन नवं माप धरतो. आकडे तेच ठेवले आणि माप बदललं, तर सगळं जग जरा सरकतं. कुठल्या मापाचे आकडे आहेत हे सांगणारी एकच ओळ होती, आणि ती मी पुसली होती.

“दिल्लीत सव्वाशे मीटर,” ते म्हणाले. “पूर्वेला. फोन ठेवू नका.”

अलकनंदा वहिनींच्या दारापासून ते चालायला लागले. फौजेत पावलं मोजायला शिकवतात, ती सवय सुटत नाही. एका डोळ्याने जेमतेम दिसणारा माणूस गर्दीतून मोजत चालला होता आणि मी गुरुग्रामच्या काचेच्या लॉबीत उभी राहून ऐकत होते. शंभराच्या पुढे त्यांना धाप लागली. एकशे साठला ते थांबले. मग बेल वाजली.

तिथे काय झालं होतं ते नंतर कळलं. काकांनी इंदुमतीबाईंना बजावलं होतं की दार उघडंच असेल, सरळ आत जा, घर आपलंच समजा, अकराला न्यायला माणूस येईल. दार उघडंच होतं. त्या आत गेल्या, नळावर पाय धुतले आणि हसल्या. घर मल्होत्रा आंटींचं होतं, आणि दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्या सोमवारपासून एजन्सीच्या स्वयंपाकिणीची वाट पाहत होत्या, आणि त्यांना इतकी स्वच्छ बाई बघून बरं वाटलं. त्यांनी कणकेचा डबा दाखवला. इंदुमतीबाईंनी विचार केला, परक्याच्या घरी आयतं कसं बसायचं, तेवढाच हातभार. अकरा वाजेपर्यंत त्यांनी वीस पोळ्या लाटल्या. अकरानंतर त्या सारखं दाराकडे बघून इस्पितळ, इस्पितळ म्हणू लागल्या, तेव्हा आंटींना वाटलं की पहिल्याच दिवशी सुट्टी मागते आहे.

काकांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. मल्होत्रा आंटी खुर्चीवर मटकन बसल्या, मग उठल्या, आणि घरातल्या चपलांवरच त्यांनी गाडी काढली. अलकनंदा वहिनींचे यजमान पास घेऊन पुढे बसले. वाटेत आंटी तीन जणांना शिव्या देऊन मोकळ्या झाल्या आणि एक सिग्नल त्यांनी पाहिलाच नाही, असं काका सांगतात. त्यांची नजर त्या दिवशी अर्धीच होती, तरी यावर माझा विश्वास आहे.

गाडी इस्पितळात पोचली तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. शंभूला बाराला आत नेलं होतं. फौजेत बारा म्हणजे बारा.

मी पोचले तेव्हा इंदुमतीबाई बाकावर बसल्या होत्या. हाताला पीठ वाळलेलं. मी त्यांच्यासमोर उभी राहून सांगितलं की चूक माझी आहे, मी ओळ पुसली. त्यांना कसली ओळ आणि कसलं काय. “बस गं,” म्हणाल्या. मला रडू आलं, आणि रडायचा हक्क आपला नाही हेही कळत होतं, म्हणून मी जिन्यात जाऊन रडले.

ऑपरेशन सहा तास चाललं. मला हातांना काम हवं होतं. काकूंनी घरून लॅपटॉप आणि देव्हाऱ्यातली डबी पाठवली. काकांच्या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क रविवारपासून माझ्या बॅगेतच होती, तिच्यावर एक्सपी होतं. इस्पितळाच्या प्रतीक्षालयात, पंख्याखालच्या एका प्लगला चिकटून, मी रविवारी करायला हवं होतं ते काम केलं. खोटा कॉम्प्युटर उभा केला, त्यात भूपट बसवलं, किल्ली खोचली. ती दोनदा नाकारली गेली, तिसऱ्यांदा तिचा दिवा लागला. साडेपाचला करड्या खिडकीत जुनी दिल्ली उघडली. काकांनी चष्मा वर करून, नाक पडद्याला टेकवून सागरपूर शोधलं. अलकनंदा वहिनींचा ठिपका अलकनंदा वहिनींच्याच घरावर होता. त्यांनी मान हलवली. शाबासकी दिली नाही आणि मला रागावलेही नाहीत, आणि या दोन्हींपैकी काहीतरी एक झालं असतं तर मला सोपं गेलं असतं.

सहानंतर डॉक्टर बाहेर आले. मुलगा वाचेल, म्हणाले. पायांचं उद्या कळेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला पाच मिनिटांसाठी आत सोडलं. इंदुमतीबाई उशाशी बसल्या होत्या, काका आणि मी पायथ्याशी. नर्सने शंभूला अंगठा हलवायला सांगितला. उजवा हलला. डावा जरा उशिराने, पण हलला. मग त्याने डोळे आईकडे वळवले. ओठ सुकलेले होते.

“आई, मी वाट बघत होतो. तू कधी आलीस?”

मी काकांकडे बघितलं. काका चादरीकडे बघत होते.

“तुला आत नेत होते ना, तेव्हा दारातच होते की मी,” इंदुमतीबाई म्हणाल्या. “कपाळावरून हात फिरवला तुझ्या. तुला गुंगी चढली होती.”

शंभू जरा वेळ छताकडे बघत राहिला.

“हां,” तो म्हणाला. “कळलं होतं मला.”

मीटरभराची चूकही जन्मात कधी खपवून न घेतलेल्या मगदूम काकांनी घसा खाकरला. मला वाटलं ते काहीतरी बोलतील. त्यांनी शंभूच्या पायावरची चादर नीट केली आणि, वेळ संपली, चला, म्हणून मला बाहेर आणलं.